यादीतलं सातवं नाव

रविवार, ३ जून २०१८

वही मुलाने, समाधानने दिली. त्याच्या कंपनीत अशा वह्या फुकट वाटतात म्हणे. कागद इतका गुळगुळीत की शाई लवकर वाळत नाही. चौतीस वर्षं सरकारी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्यामुळे कागदाला बोट लागलं की त्याची जात कळते. पण फुकटचा आहे, बोलायला जागा नाही.

आज लिहायला बसलो ते रंगरावमुळे. रंगराव पीएमटीत कंडक्टर होता. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण बोलणं अजून गर्दीतल्या गाडीतलंच आहे. सकाळी विहाराच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "सुखदेवराव, आठ वर्षं फ्लूची सुई घेताय. आता सुईलाच तुमचा कंटाळा आला असेल." मग मोबाईलवर आलेला एक लेख वाचून दाखवला. दरवर्षी तीच लस घेतली की अंगात तिचा जोर कमी कमी चढतो, असं त्यात लिहिलेलं. मी हसून सोडून दिलं. घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात माझा धाकटा भाऊ उत्तरेश्वर स्वाइन फ्लूने गेला. नऊ दिवस. पुढच्या वर्षी लस आली तेव्हा मीच विहारात उभा राहून सगळ्यांना समजावलं. तेव्हापासून दर जूनला आमच्या येरवड्याच्या ज्येष्ठ मंडळाचं शिबिर असतं. एक धर्मादाय संस्था मोजून तीस डोस देते. तीस नावांची यादी मी करतो. साठीच्या पुढचा आणि मंडळाचा सभासद, एवढाच नियम. यादीत नाव नाही तर सुई नाही. पहिल्याच वर्षी एक झाडूवाली बाई रांगेत शिरली होती, तिला मी सगळ्यांसमोर बाहेर काढलं. वाईट वाटलं होतं. पण एकीला दिली की मागून दहा येतात.

मी चुकीचं करत आलो असेन तर? तीस माणसं माझ्या शब्दावर दंड उघडा करून उभी राहतात.

योग असा की संध्याकाळी डॉ. पूर्णिमा म्हणून एक संशोधक बाई भेटायला आल्या. वय पस्तिशीचं असेल. त्यांची संस्था नेमका हाच अभ्यास करते आहे. दरवर्षी घेणाऱ्यांचं रक्त आणि पहिल्यांदाच घेणाऱ्यांचं रक्त, दोन्ही ताडून बघायचं. आमचे तीस जण आणि कधीच न घेतलेले दहा जण त्यांना हवेत. त्या दहांची लस त्यांचीच. रक्त सुईच्या आधी घेणार, अठ्ठावीस दिवसांनी घेणार आणि परत सहा महिन्यांनी. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

बायकोला, कांताला सांगितलं तर म्हणाली, "त्यात माझं नाव नका घालू."

"का?"

"मला साखर आहे. रक्त कशाला काढताय माझं?"

"बाईंना विचारलंय. चालतं."

जरा वेळ भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "घाला. तुमच्या यादीत मी सातवी आहेच."

रविवार, १० जून

शिबिर झालं. पाय दुखताहेत पण मन भरलंय.

एरवी पुरुषांची रांग बाहेर असते, तिथे मी बसतो. बायकांची आत ग्रंथालयाच्या खोलीत, तिथे यादी घेऊन कांता बसते. यंदा सगळं अभ्यासवाल्यांच्या पद्धतीने. एकच टेबल, आधार कार्ड बघायचं, फोटो काढायचा, बोटाचा ठसा घ्यायचा, मग रक्त, मग सुई. मी म्हटलं, असं पाहिजे काम. कांता मात्र सारखी दाराकडे बघत होती. तिचा नंबर आला तेव्हा नर्सने विचारलं, "आजी, दरवर्षी घेता ना?" तिने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. मी तिची आठ वर्षांची आठ कार्डं पुढे केली. प्लॅस्टिकच्या फाइलीत नीट लावून ठेवलेली आहेत, एकही गहाळ नाही. नर्स कौतुकाने बघत राहिली.

रंगराव कधीच न घेतलेल्या दहांत. सुई टोचताना डोळे घट्ट मिटले आणि वर मला म्हणतो, "पुढे सरका, पुढे सरका."

सोजरबाई दारात बसून होती. ही आमची गल्ली झाडते, ठेकेदाराकडे आहे. चोपन्न-पंचावन्नची असेल. पूर्वी क्षय होऊन गेलाय, त्यामुळे जिना चढली तरी धाप लागते. सकाळचं झाडून झालं की आमच्याकडे चहा घेते, कांताशी तिचं फार जमतं. मी म्हटलं, "सोजरबाई, काही काम होतं का?"

"काई न्हाय दादा. आक्काकडं आले हुते."

पण आक्का, म्हणजे कांता, टेबलावरून उठली तरी दोघी काही बोलल्या नाहीत. ती दुपारपर्यंत तिथेच बसली होती, मग झाडू उचलून गेली.

घरी आल्यावर कांताने विचारलं, "एखादा डोस उरला का?"

"एकही नाही," मी म्हटलं. "तीसच्या तीस जागेवर."

मंगळवार, १२ जून

कांताला परवापासून कणकण. दंड सुजून आलाय, हात वर होत नाही. आठ वर्षांत हिला कधी काही झालं नाही, माझा दंड दुखायचा आणि ही मला हसायची. यंदाच काय झालं? डॉ. पूर्णिमांना फोन केला. त्या म्हणाल्या, "होतं काका. लस अंगी लागत असल्याची खूण आहे, दोन दिवसांत उतरेल." माझा दंड यंदा नावालासुद्धा दुखला नाही. रंगराव दोन दिवस दंड चोळत फिरतोय.

सोमवार, २५ जून

कांता फोनवर समाधानला सांगत होती, "बाबा, फ्लूची एक सुई औषधाच्या दुकानातून मिळते का बघ." मी विचारलं कुणासाठी. "असू द्या, घरात असावी." मी समजावलं, अगं ते काय लोणचं आहे भरून ठेवायला? फ्रीजमधून काढली की टोचावी लागते. समाधान पलीकडून "बघतो आई, आत्ता जरा हेक्टिक आहे" म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याला ऑनसाइट जायचंय, डॅलसला. तो काय बघणार.

रविवार, ८ जुलै

दुसरं रक्त दिलं.

रांग सरली तेव्हा डॉ. पूर्णिमांना गाठून सरळ विचारलं, "बाई, रंगरावचा तो लेख खरा की खोटा?"

त्या म्हणाल्या, "अर्धा खरा. आणि उरलेला अर्धा अजून कुणालाच माहीत नाही."

मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली. लस घेतली की अंग तिची ओळख लक्षात ठेवतं. पुढच्या वर्षी विषाणूने थोडा वेश बदललेला असतो, लसही त्याप्रमाणे बदलते. पण अंग म्हणतं, हा तर ओळखीचाच दिसतो, आणि जुन्याच तयारीवर काम भागवतं. नव्याने फार कष्ट घेत नाही. म्हणून दरवर्षी घेणाऱ्यांत वाढ कमी दिसते. पण त्यांची सुरुवातच वरून झालेली असते, हेही आहे. कुठल्या वर्षी त्याने बिघडतं, कुठल्या वर्षी काहीच बिघडत नाही.

मला एकदम छापखाना आठवला. मी सांगितलं, "आमच्याकडे सुट्ट्यांची यादी दरवर्षी छापायला यायची. पान पुन्हा कोण जुळवणार? गेल्या वर्षीचं सुतळीने बांधून ठेवलेलं असायचं. ते काढायचं, चार तारखा बदलायच्या की झालं. वेळ वाचायचा. पण गेल्या वर्षीची चूक त्यात असली तर तीही छापली जायची. आपल्या डोळ्याखालून दहादा गेलेलं पान, त्यातली चूक दिसत नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "काका, हे मी माझ्या व्याख्यानात सांगणार." त्या लोहगावच्या. आजोबांची शेती होती. "आजोबांनी पिकवलं, वडिलांनी बिल्डिंगी बांधल्या, आणि मी दुसऱ्यांचं रक्त गोळा करते. घरात सगळ्यांचं मत आहे की शिकून पोरगी वाया गेली."

शुक्रवार, २७ जुलै

आषाढ पौर्णिमा. आजपासून वर्षावास, तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन. वाचायचं काम माझ्याकडे. चौदाव्या वर्षी आधी एका खासगी छापखान्यात लागलो तेव्हा शाळा सातवीवर सुटली होती, पुढचं सगळं उलट्या खिळ्यांवरून शिकलो. आज शंभर माणसं खाली मान घालून माझ्या तोंडून ऐकतात, तेव्हा आईची आठवण येते.

सोजरबाई मागे बसलेली असते. आज खोकत होती.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

गावात पुन्हा स्वाइन फ्लू आहे. पेपरात रोज आकडा येतो. आपासाहेब पाटोळे, आमचे मंडळाचे खजिनदार, सर्दीने घरी आहेत. औषधाच्या दुकानात लस संपल्याची पाटी.

गल्ली तीन दिवस झाडलेली नाही. कांता सोजरबाईच्या वस्तीत जाऊन आली. ताप आहे, गोळ्या घेतेय म्हणाली. आल्यावर हात धुवायला मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता.

मंगळवार, ४ सप्टेंबर

सोजरबाईला सरकारी दवाखान्यात नेलं. फ्लूच निघाला. नाकाला ऑक्सिजन. तिची मुलगी मैना वाघोलीला दिलेली, ती येऊन बसलीय. कांता सकाळी पेज घेऊन गेली आणि संध्याकाळी पुन्हा गेली. वॉर्डात सोडत नाहीत, तरी बाहेर बाकावर बसून राहते.

मी जरा रागावलोच. "तुझं वय काय, तुला साखर आहे. तिथे रोगाच्या दारात कशाला बसतेस?"

"मला काय होतंय. मला सुई मिळालीय ना यंदा."

यंदा काय, दरवर्षीच मिळते. माणूस काळजीत असला की असं तोंडातून निघतं.

रविवार, ९ सप्टेंबर

सोजरबाईला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय. पूर्वीच्या क्षयाने फुप्फुसं आधीच विरलेली, असं डॉक्टरांनी मैनाला सांगितलं. काही सांगता येत नाही म्हणाले.

कांता दोन दिवस जेवलेली नाही. आज विहारात गेलो तर ही मूर्तीसमोर बसलेली, हात जोडलेले नाहीत, मांडीवर उताणे ठेवलेले. मी शेजारी बसलो. उत्तरेश्वरच्या वेळची आठवण आली असणार. मी म्हटलं, "त्या वेळी लस नव्हती. आता आपण आपल्या माणसांचं तरी करतोय."

"आपली माणसं," ती म्हणाली, आणि उठून गेली.

बायकांचं दुःख मला कधी पुरतं कळलं नाही.

रविवार, १६ सप्टेंबर

यंत्र काढलं. सोजरबाई स्वतः श्वास घेतेय. मैनाने फोन केला तेव्हा कांता कणीक मळत होती. फोन खांद्याला लावून ऐकलं आणि तशाच पिठाच्या हाताने भिंतीला धरून उभी राहिली. भिंतीवर पाचही बोटं उमटलीत. मी पुसायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.

रविवार, २१ ऑक्टोबर

हे आजच लिहून टाकतो, उद्या धीर होणार नाही.

डॉ. पूर्णिमांनी आकडे सांगायला आम्हा तिघांना बोलावलं होतं, मला, कांताला आणि रंगरावला. रक्त दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठवर ते विषाणूला धरून ठेवतं ते मोजायचं, असा तो हिशेब. चाळीसपर्यंत पोचलं तर बरं म्हणतात.

माझा सुईआधी ऐंशी, नंतर एकशेसाठ. रंगरावचा आधी दहा, नंतर तीनशेवीस.

रंगरावने खिशातला पेन काढून स्वतःच्या तळहातावर तीनशेवीस लिहून घेतलं. "आठ वर्षांचा पास काढून सुखदेवराव एकच स्टॉप पुढे गेले," म्हणाला. मला लागलं. बाईंनी सांगितलं की काकांची सुरुवातच चांगली होती, आकडा पडलेला नाही. पण मन ऐकेना. आठ वर्षं दंडात सुई घ्यायची आणि हे?

मग बाई कांताकडे वळल्या. कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. "काकू, तुमचा आधी पाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि नंतर सहाशेचाळीस. हा पहिलटकरणीचा आकडा आहे. दरवर्षी घेणाऱ्या बाईचा असा मी बघितला नाही. नळ्या बदलल्या असतील म्हणून परत तपासलं, तेच आलं. तुम्ही नक्की दरवर्षी घेतलीत ना?"

मला संताप आला. मी फाइल काढली. आठही कार्डं टेबलावर मांडली. म्हटलं, "बाई, ही बघा. तारीख आहे, शिक्का आहे, नर्सची सही आहे. कार्डं खोटं बोलतात का?"

कांता कार्डांकडे बघत होती. म्हणाली, "कार्डं खरी आहेत. दंड माझा नव्हता."

रंगरावने तळहात मिटला.

"पहिल्या वर्षी यांनी सोजरबाईला रांगेतून काढलं," तिने बाईंना सांगितलं, मला नाही. "ती बाहेर भिंतीशी खोकत उभी होती. मी आत यादी घेऊन बसलेली. तिला मागच्या दाराने घेतलं आणि सात नंबरच्या नावावर तिला टोचायला लावलं. मग दरवर्षी तसंच. हे बाहेर, आम्ही आत. यंदा आधार कार्ड बघितलं, मला घ्यावीच लागली. तिची सुई मी घेतली हो."

मग बाईंना विचारलं, "यंदाही तिला मिळाली असती तर ती आजारी पडली नसती ना?"

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "काकू, खोटा दिलासा देत नाही आणि खोटा दोषही देत नाही. मला माहीत नाही. कदाचित पडली नसती. कदाचित पडली असती पण इतकी नाही. लस घेऊनही काही जण पडतातच. आणि आधीच्या आठ सुयांनी तिला या वेळी तगवलं का, तेही मी सांगू शकत नाही. तेच तर शोधतोय आम्ही."

रिक्षात आम्ही दोघं दोन कडांना बसलो.

सोमवार, २२ ऑक्टोबर

चहा ठेवला तिने, प्यायलो.

राग कशाचा आहे ते शोधतोय. माझ्याशी आठ वर्षं खोटं बोलली, त्याचा? साखर असताना आठ पावसाळे उघड्यावर काढले, त्याचा? की लोकांत हसं होईल, त्याचा? खरं लिहायचं तर तिसऱ्याचाच जास्त.

दुपारी विचारलं, "मला सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही काय म्हणाला असता?"

एकीला दिली की मागून दहा येतात, हेच म्हणालो असतो. शब्द न शब्द.

आठ वर्षांच्या आठ याद्या काढून बघितल्या. सगळ्या माझ्या अक्षरात. नाव सातवं, कांताबाई सुखदेव ओव्हाळ. दरवर्षी गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून उतरवून काढली. बायकोचं नाव उतरवताना कोण मान वर करून बायकोकडे बघतो? प्रुफातला चुकीचा काना मला दहा फुटांवरून दिसायचा.

बुधवार, २४ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. वर्षावास संपला. वाचन झाल्यावर मी उभा राहिलो आणि जे घडलं ते सगळ्यांना सांगितलं. कांताने पदर तोंडाशी धरला, पण थांबवलं नाही. म्हटलं, अभ्यास खऱ्या माहितीवर चालतो, आणखी कुणाचं कार्ड एक आणि दंड दुसरा असेल तर आज बोला, माझा राग धरू नका.

जरा वेळाने आपासाहेब उठले. वय त्र्याहत्तर. "मला सुईची भीती वाटते. पाच वर्षं नुसता शिक्का मारून घेतला, यंदाच काय ती खरी टोचली. तुम्ही इतकं मनापासून सांगता, नाही म्हणवत नव्हतं." मागून आणखी एका बाईचा हात वर झाला.

रंगराव म्हणाला, "सुखदेवराव, विनातिकीट तिघं निघाली. कंडक्टर म्हणून तुमचं काही खरं नव्हतं." सगळे हसले. मीही हसलो. चार महिन्यांनी हसलो असेन.

तिन्ही नावं डॉ. पूर्णिमांना फोनवर कळवली. मला वाटलं बाई चिडतील. त्या म्हणाल्या, "काका, चुकीच्या रकान्यातली तीन माणसं मला सगळं उलटं दाखवत होती. बरं झालं."

संध्याकाळी मी आणि कांता सोजरबाईकडे गेलो. पत्र्याची खोली, बाहेर मैना भांडी घासत होती. सोजरबाई भिंतीला टेकून बसलेली, निम्मी राहिलीय. मला बघून पदर सावरायला लागली. काय बोलायचं ते मी वाटेभर जुळवून ठेवलं होतं. एकही शब्द जागेवर सापडला नाही.

"मी तुम्हाला रांगेतून काढलं होतं," एवढंच म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "च्या घेनार का, दादा?"

घेतला. तिच्याकडचा चहा मी पहिल्यांदा घेतला, इतकी वर्षं ती आमच्याकडे घेत आली.

रविवार, ९ डिसेंबर

तिसरं रक्त. कांताचं नाव आता पहिल्यांदा घेणाऱ्यांत नोंदवायचं की साफ वगळायचं, ते त्यांची समिती ठरवेल. कांता नर्सला म्हणाली, "वगळलं तरी रक्त घ्या. कुणाच्या तरी उपयोगी पडू दे."

सोजरबाई आजपासून कामावर. निम्मी गल्ली मी झाडू लागलो. रंगराव पायरीवरून म्हणाला, "डाव्या बाजूला कचरा राहिलाय." राहिलाच होता.

रविवार, २ जून २०१९

समितीने कांताला नव्या रकान्यात ठेवलं. सहा महिन्यांचे आकडे आले. रंगराव तीनशेवीसवरून ऐंशीवर. मी एकशेसाठवरून ऐंशीवर. "चला, उतरलो एकाच थांब्यावर," रंगराव म्हणाला. मी बाईंना विचारलं, म्हणजे बरोबरीच झाली ना? त्या म्हणाल्या, "काका, दोन माणसांवरून काही ठरत नाही. शेकडो लागतात, आणि वर्षं लागतात." यंदा घ्यायची का, तर घ्या म्हणाल्या, आहे त्यात हेच बरं. मी घेणार. पूर्वी मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे, म्हणून घ्यायचो. आता माहीत नसताना घेतोय.

मंडळाची बैठक झाली. साठीची अट काढली. ज्याची छाती कमजोर तो आधी, सभासद असो नसो. मागून दहा आले तर संस्थेकडे दहा जास्त मागू, असं मीच मांडलं. आपासाहेबांनी अनुमोदन दिलं आणि मी तुमच्यामागे उभा राहून डोळे मिटून घेईन म्हणाले.

रविवार, ९ जून

शिबिर.

यंदाची यादी जुनी समोर न ठेवता केली. कोरा कागद घेतला, घरोघर गेलो, माणूस बघितला आणि नाव लिहिलं. चार दिवस लागले.

काल दुपारी ती आठ कार्डं काढली. छापखान्यात प्रूफ दुरुस्त करायचो तशीच लाल शाई घेतली. छापलेल्या ओळीतलं "कांताबाई" आडव्या रेघेने काढलं, समासात "सोजरबाई" लिहिलं. आठ वेळा. कांता शेजारी बसून एकेक कार्ड फुंकून वाळवत होती.

डॉ. पूर्णिमांना सोजरबाई हवी होती. आठ वर्षं घेतलेली आणि मध्येच एक चुकलेली बाई त्यांना दुसरी मिळाली नाही म्हणे. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, रक्त तीनदा घेऊ, नको असेल तर नाही म्हणा. सोजरबाई ऐकत होती. मी टेबलाशी लेखणी घेऊन बसलेलो.

"रगत घ्या की," ती म्हणाली. "पर कागदावर नाव माजं लिवा."

मी मान वर केली. इतकी वर्षं ही आमची गल्ली झाडते, आणि हिचं आडनाव मला माहीत नव्हतं.

"पूर्ण नाव सांगा, बाई," मी म्हटलं.

"सोजरबाई लक्षुमन खंडागळे."

लिहिलं. तिने वाकून बघितलं. तिला वाचता येत नाही, तरी बोट ठेवून विचारलं, "ह्ये का?"

"हेच."

मग तिने बाही वर केली.